ताईच्या नावाचं सूप

माणिकपूर, वसई
गौरी-विसर्जनानंतरचा रविवार

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्या कृष्णाचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. (डोकं तूर्त कागदावरच ठेवतो आहे, कारण पाय पनवेलला आहेत आणि ते इकडे यायला तयार नाहीत.) आम्ही सगळे इकडे धडधाकट आहोत. तुझे गुडघे काय म्हणतात? भाऊजींची साखर आटोक्यात आहे ना? की अजून देवाजवळचे पेढे चोरून खातात? खात असतील तर खाऊ दे बिचाऱ्यांना, माझ्या नावाने एक जास्तच दे.

पत्र बघून दचकू नकोस, कोणी गेलेलं नाही. पण माझा फोन तू उचलत नाहीस, मनोरमेचा उचलतेस आणि ‘कामात आहे गं’ म्हणून ठेवून देतेस. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून तर गणपतीच्या तोंडावरच बाहेर पडलीस. आता त्या ग्रुपात मी, मनोरमा, कौस्तुभ आणि रिचेल एवढेच उरलोय. चौघं एकाच घरात राहतो, तरी रोज सकाळी एकमेकांना फुलांचे फोटो पाठवतो. शेवटी म्हटलं, पत्रच लिहावं, पत्र काही मध्येच कट करता येत नाही. पोस्टात पाकीट मागितलं तर खिडकीतल्या मुलीने विचारलं, ‘काका, नोटीस पाठवायची आहे का?’ मी म्हटलं, बहिणीला पाठवायचंय. ती म्हणाली, ‘म्हणजे रजिस्टरच करा.’ हल्लीची पोरं फार हुशार झाली आहेत.

आता मुद्द्यावर येतो. (आलोच, जरा दम धर. मुद्द्यावर यायला मला वेळ लागतो हे तुला लहानपणापासून माहीत आहे.) गणपतीच्या आधीच्या त्या फोनवर तू मला म्हणालीस, ‘यंदा गौर आणायला मी येणार नाही. तुझ्या नव्या सुनेलाच आणू दे. पाचूबंदरच्या त्या मुलीला सूप तरी धरता येतं का विचार. येईल तेव्हा येते मी.’ आणि खाडकन फोन ठेवलास. ताई, तुला रागवायचा हक्क आहे. कौस्तुभच्या लग्नात चर्चमध्ये तुला तिसऱ्या बाकावर बसवलं, ते तुझ्या मनाला लागलं असेल, मी नाही म्हणत नाही. पण माझा फोन नेहमी स्पीकरवर असतो, कारण डाव्या कानाने मला ऐकू येत नाही आणि उजव्या कानाने ऐकायचा मला कंटाळा आहे. समोर रिचेल नारळ खोवत बसली होती. तिने सगळं ऐकलं. खोवत राहिली, फक्त वाटीत करवंटीचं काळंही यायला लागलं. संध्याकाळी बघतो तर पोरगी रिकाम्या सुपात दोन नारळ घेऊन पॅसेजमध्ये इकडून तिकडे चालतेय. मनोरमा मागून सांगतेय, ‘कोपर खाली, मान सरळ.’ मला एकदम भरून आलं आणि मी उगाचच दोघींना ओरडलो की पंखा कशाला चालू ठेवलाय.

तर गौर तिने आणली. आपल्या रोह्याला विहिरीवरून आणायचो, इथे सोसायटीच्या टाकीवरून आणतो, त्यात नवीन काही नाही. तेरड्याची रोपं हातात, डोक्यावर पदर आणि तोंडातून अक्षर काढायचं नाही. लिफ्टमध्ये वरच्या मजल्यावरच्या बाई शिरल्या आणि विचारायला लागल्या की पाणी किती वाजता जाणार, मोटार कोण लावणार, सेक्रेटरी फोन का उचलत नाही. रिचेल गप्प. बाईंना वाटलं, भांडण झालंय. त्यांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि माझ्याकडे असं बघितलं की मी तिसऱ्या मजल्याऐवजी दुसऱ्यावरच उतरलो. मग दारात मनोरमेने तिच्या पायांवर दूध-पाणी घातलं, विचारलं, ‘गौर कशाच्या पावलांनी आली?’ रिचेल म्हणाली, ‘सोन्याच्या पावलांनी.’ नंतर मला म्हणाली, ‘पप्पा, आमच्याकडे चर्चमधून मायमाउलीची मूर्ती घरोघर येते ना, तेव्हा आई पण अशीच दारात फुलं घेऊन उभी राहते. मला एकदम आमचंच दार दिसलं.’ मी चष्मा पुसला. दरवर्षी त्या उंबऱ्यावर तू असतेस गं. तुझ्याशिवाय दार उघडायची मला सवय नाही, खरंच सांगतो.

आता दुसरा दिवस, म्हणजे पूजेचा आणि तिखटाच्या नैवेद्याचा. इथून पुढे जे झालं त्याला मनोरमा मला जबाबदार धरते, पण तू निःपक्षपातीपणे वाच. यंदा गौर पूर्वा नक्षत्रात आली, म्हणजे नव्या सुनेचा पहिला ओवसा. गौरीपुढे ओवाळून वडीलधाऱ्यांच्या हातात द्यायची ती भरली सुपं मुलीच्या माहेरची. विहीणबाई, म्हणजे लुसीबाई, यांनी ती बाजारातून आणली तीसुद्धा एकेक सूप उन्हाकडे धरून, कुठे फट तर नाही ना बघत. काकडी, केळी, नारळ, विडा, सगळं मनोरमेला दहा वेळा विचारून भरलं. तुझ्या सुपाला त्यांनी स्वतःच्या अंगणातल्या अबोलीचा गजरा बांधला. आणि व्याही डॉमनिक यांनी नैवेद्यासाठी पिशवीभर जिवंत चिंबोऱ्या आणल्या. एकेक अशी की बघूनच नमस्कार करावा! नांग्या सुतळीने करकचून बांधलेल्या.

ताई, इथे मी चुकलो असेन तर ती तुझी शिकवण आहे. देवापुढे बांधलेली वस्तू ठेवायची नाही, हे मी तुझ्याकडूनच शिकलो. फुलांच्या पुडीचा दोरा तू सोडतेस, आळूच्या जुडीचा सोडतेस, केळीच्या फण्याची सुतळी कापतेस. मग चिंबोऱ्यांचीच सुतळी ठेवायची, हा कुठला न्याय? मी बाथरूमचं दार लावून घेतलं, एकेकीला सांडशीत धरलं आणि सगळ्यांच्या सुतळ्या कात्रीने कापल्या. (हे धैर्य कोणाच्या लक्षातच आलं नाही.) त्यांना स्वच्छ पाण्याने धुतलं, बादलीत ठेवलं आणि सोवळं नेसून बाहेर येऊन बसलो. दार लावलं की नाही ते मात्र आठवत नाही.

हॉलमध्ये बिल्डिंगच्या बायका हळदीकुंकवाला जमलेल्या. एका बाजूला गणपती, शेजारी गौर. तिखटाचा नैवेद्य गणपतीच्या नजरेस पडू नये म्हणून मध्ये पडदा धरायचा, तो यंदा कौस्तुभने ऑनलाइन मागवला होता. पडदा आला तो मच्छरदाणीसारखा आरपार. त्यातून गणपतीला नैवेद्यच काय, स्वयंपाकघरातला कुकरही दिसला असता. शेवटी मनोरमेने त्यावर सोलापुरी चादर टाकली. रिचेल हिरव्या साडीत सुपं ओवाळत होती. एक आम्हाला दिलं, एक देवापाशी ठेवलं, आणि शेवटचं, तुझ्या नावाचं, हातात घेऊन ती उभी राहिली. द्यायचं कोणाला? कोणीतरी म्हणालं, दुसऱ्या कोणाला द्या. ती म्हणाली, ‘नाही, हे आत्यांचं आहे.’ आणि भरलं सूप तसंच हातात धरून उभी. कोपर खाली, मान सरळ.

आणि त्याच वेळी बाथरूममधून मनोरमेची किंकाळी आली.

बादलीत एकही नव्हती! पुढचं वर्णन मी थोडक्यात करतो, कारण बिल्डिंगमध्ये ते अजून सविस्तर चालू आहे. बायका सोफ्यावर चढल्या. सोफ्यावर न मावलेल्या दिवाणावर चढल्या. मी मात्र शांत होतो. मी मोठ्याने जाहीर केलं, ‘घाबरू नका, आमची सून पाचूबंदरच्या कोळीवाड्यातली आहे, चिंबोऱ्या म्हणजे तिच्या हातचा मळ!’ रिचेल सुपासकट भिंतीला चिकटून म्हणाली, ‘पप्पा, मी बँकेत आहे!’ मी लुसीबाईंकडे बघितलं. त्या म्हणाल्या, ‘आमचा धंदा दर्यातला हाय भाऊ, पापलेट सांगा, बोंबील सांगा. या खाडीतल्या चिंबोऱ्या, त्यांना कोन हात लावनार?’ आणि छातीवर क्रुसाची खूण करून त्याही दिवाणावर गेल्या. राहता राहिले व्याही. ते तर आधीच स्टुलावर उभे होते. तिथूनच त्यांनी सांगितलं की चिंबोऱ्या त्यांनी पकडल्या नव्हत्या, बाजारातून विकत आणल्या होत्या, आणि पिशवीसुद्धा विकणारणीनेच स्कूटरला अडकवून दिली होती.

त्या क्षणी, ताई, तुझी आठवण आली. आपल्या रोह्याच्या खाडीवर तू फ्रॉक खोचून, पाठीमागून अलगद बोटं घालून चिंबोरी उचलायचीस आणि माझ्या नाकासमोर नाचवायचीस. अख्ख्या घराण्यात ते एकट्या तुलाच जमायचं. आणि नेमकी तूच नव्हतीस.

कौस्तुभने झाडू आणि सुपली घेऊन वॉशिंग मशीनखालून काही काढल्या. काही पायपुसण्याखाली सापडल्या. आता सगळं शांत होतंय असं वाटलं, तोच सगळ्यात मोठी, नांग्या वर करून, गौरीच्या पाटाखालून निघाली आणि तिरकी तिरकी चालत पडद्याकडे. पडद्यापलीकडे गणपती! आपल्या घरात इतक्या वर्षांत गणपतीला तिखटाचा वाससुद्धा लागू दिला नाही, आणि इथे तिखट स्वतःच्या पायांनी त्याच्या दर्शनाला निघालेलं. मी ‘अरे अरे अरे’ म्हणालो. (एवढंच सुचलं.) चादरीची किनार हलली. आणि रिचेलने डोळे मिटले, ‘जेजू!’ म्हणाली, आणि हातातलं भरलं सूप धाडकन त्या चिंबोरीवर पालथं घातलं.

काकडी सोफ्याखाली गेली, केळी लुसीबाईंच्या पायाशी, नारळ गडगडत थेट गणपतीच्या चौरंगाला जाऊन टेकला. पण सूप जागचं हललं नाही. पोरगी त्यावर दोन्ही हात दाबून बसली होती, डोळे मिटलेलेच. व्याह्यांनी स्टुलावरून उतरून खालून केकचा ट्रे सरकवला. बायकांनी टाळ्या वाजवल्या. मनोरमेने सगळ्यांसमोर सुनेची दृष्ट काढली. आणि मी, ताई, इतका हसलो आणि इतका रडलो की सोवळं सुटायची वेळ आली.

नैवेद्याला उशीर झाला, पण असा रस्सा गौरीने जन्मात चाखला नसेल. मनोरमेचा आपल्याकडचा मसाला आणि लुसीबाईंचा बाटलीतला मसाला, यांत आधी वाद झाला आणि मग दोन्ही पडले. व्याही नांगी फोडताना म्हणाले, ‘आता नाय घाबरत.’ सगळे दाटीवाटीने पंगतीला बसले होते, दरवर्षी तू बसतेस तो खिडकीजवळचा पाट रिकामा होता. मांडला कोणी, मला माहीत नाही. मी विचारलंही नाही.

गौर गेली, गणपती गेले. पत्र लांबलं, आता आवरतं घेतो. भाऊजींना नमस्कार, तुला साष्टांग.

तुझा धाकटा,
कृष्णा

ता.क. मुख्य गोष्ट राहिली. एक चिंबोरी अजून सापडलेली नाही. तू झोपतेस त्या खोलीतल्या कपाटामागून खुडखुड येते. आमच्यात कोणाचीही हिंमत नाही. पनवेलहून वसईला थेट गाडी आहे. चिंबोरीसाठी तरी ये. राग धरायचाच असेल तर इथे येऊन धर.

ता.क. (मनोरमेचा) वन्सं, यांच्यावर विश्वास ठेवू नका. चिंबोऱ्या सगळ्या त्याच दिवशी सापडल्या आणि शेवटची यांनीच खाल्ली. कपाटामागे काही नाही, यांचाच जुना रेडिओ खरखरतोय. मात्र रोज संध्याकाळी हे बाल्कनीत उभं राहून प्रत्येक रिक्षातून कोण उतरतंय ते बघतात, ते खरं आहे.

ता.क. (रिचेलचा) आत्या, तुमचं सूप मी पुन्हा भरलंय. फ्रीजवर ठेवलंय, काकडी रोज बदलते. आई म्हणतात, ते तुमच्या हातात दिल्याशिवाय माझा ओवसा पुरा होत नाही. तुम्ही फोनवर म्हणालात ते बरोबर होतं, सूप मला अजून नीट धरता येत नाही. सगळे म्हणतात छान धरलंस, पण मी ते उलटं धरलं होतं. सरळ कसं धरायचं, ते दाखवायला याल ना?