पहिली हिरवी ओळ

तीर्थरूप मामांस,

साष्टांग नमस्कार. (कंबर धरली आहे, म्हणून तो मनातल्या मनात.) तुमचा गुडघा आणि मामीचा आवाज, दोन्ही ठणठणीत असतील अशी आशा आहे. मी मजेत आहे असं लिहून पुढे सरकणार होतो. पण तसं नाही.

तुम्ही याच कचेरीत विमानांचे मार्ग आखायचात तेव्हा भिंतीवर नकाशा, कानावर पेन्सिल आणि तोंडात शिव्या असायच्या. आता कॉम्प्युटर तीन मार्ग सुचवतो, पहिला हिरव्या ओळीत. उरलेल्या दोन मार्गांकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. गेली चार वर्षं मी हिरवं दाबतोय. (परवा बायकोने दोन शर्ट पुढे धरून कुठला घेऊ विचारलं. दोन्ही निळे. माझी मतीच गुंग झाली.)

मंगळवारी मात्र अंगाशी आलं. ठरलेल्या ठिकाणी उतरता आलं नाही तर विमानाने कुठे जायचं, हेही तोच सुचवतो. त्याने सुचवलं सहाला; त्या पर्यायी विमानतळावर धुकं येणार हा इशारा आला सव्वासहाला; मी हिरवं दाबलं साडेसहाला. इशारा शेजारच्याच पडद्यावर होता आणि मी चहा ढवळत होतो. कॅप्टनबाईंनी फोनवर विचारलं, "पर्याय तुम्ही स्वतः पाहिलात ना?" मी म्हणालो, "हो." पुढे नेमकं ठरलेल्या ठिकाणी वादळ आलं, विमान त्या पर्यायी विमानतळाकडे वळलं, आणि धुक्यात धावपट्टी दिसेनाशी व्हायला चार मिनिटं उरली असताना टेकलं. एकशे बेचाळीस माणसं. कुणाला ओरखडाही नाही. पण मामा, रोज रात्री उठून मी ती चार मिनिटं मोजतो.

आता चौकशीचा फॉर्म आलाय. त्यात 'कारण' या रकान्यात कॉम्प्युटरनेच भरून ठेवलंय: हवामान अनपेक्षितपणे बदलले. तेही हिरव्या अक्षरांत. साहेब म्हणतात, दाब आणि मोकळा हो.

तुमचा भाचा

ता.क. खरं तर काय करू, हे विचारायला पत्र लिहायला घेतलं होतं. पण तुम्ही जे सांगाल तेही मी डोळे मिटून दाबीन, हे लक्षात आलं. म्हणून फॉर्ममधलं ते हिरवं कारण पुसलं आणि स्वतः लिहिलं: इशारा पाहिला नव्हता, तरी पाहिलं म्हणालो. फॉर्म गेला. नोकरीचं काय ते कळेलच.

आणखी एक ता.क. तुम्ही ओळखलंच असेल, मंगळवारी मामी त्याच विमानात होती. उतरल्या उतरल्या तिने मला फोन केला होता. "आखणारा तू होतास, म्हणून मी सगळा वेळ निवांत झोपले," म्हणाली. रविवारी येऊन तिला मीच सांगणार आहे. तोवर हे पत्र तिच्या हाती लागू देऊ नका.