मागे राहणारी

७ नोव्हेंबर १९८८, सोमवार

आले एकदाची! दोंडाईच्याहून निघालेल्या एस.टी.तून फाट्यावर उतरले तेव्हा ट्रंक, वळकटी, स्टोव्ह आणि औषधांचं खोकं एवढं सगळं सांभाळायला दोन हात पुरेनात. तेवढ्यात शेतातून चार बाया धावत आल्या. एकीने ट्रंक डोक्यावर घेतली, दुसरीने वळकटी. मला म्हणे, बाई, तुम्ही फक्त चाला. बोदवडला आमच्या गल्लीत मला कुणी हंडाही उचलू लागलं नसतं.

या वस्तीचं नाव एलीम. चाळीसेक घरं, सगळी ख्रिस्ती. मधे पत्र्याचं प्रार्थनामंदिर, चहूबाजूंनी कापूस. उपकेंद्र म्हणजे दोन खोल्या, एकीत दवाखाना, दुसरीत मी. भिंतींना ताजा चुना, खिडकीला जाळी, दाराशी पाण्याची टाकी. पहिलीच स्वतंत्र नेमणूक आणि तीसुद्धा अशी चकाचक. रॉकेलचा वास नसता तर हॉटेलात उतरल्यासारखं वाटलं असतं.

संध्याकाळी अभिमन मास्तर भेटायला आले. निवृत्त शिक्षक आहेत, उपासना तेच चालवतात आणि वस्ती त्यांच्याच शब्दावर चालते. मी आधीच सांगून टाकलं की मी बौद्ध आहे, देव मानत नाही, उपासनेला बोलावू नका, औषधाला मात्र कधीही बोलवा. तोंडं उतरतील असं वाटलं होतं. पण मास्तरांचा चेहरा खुलला, दारातल्या बाया एकमेकींकडे बघून हसल्या. फार बरं झालं, असं मास्तर दोनदा म्हणाले.

इतका आनंद कशाचा? आई म्हणते, तुला गुळातही खडा दिसतो. दिसतो तर दिसतो.

१० नोव्हेंबर, गुरुवार

इथे कुणी एकटं काही करत नाही. पाणी भरायला दोघी, वेचणीला दोघी, बांधावर गप्पा मारायलाही दोघेच. प्रार्थनामंदिरात फळा आहे, त्यावर खडूने सगळ्यांच्या जोड्या लिहिल्यात. काल त्यात माझंही नाव आलं. सुनंदाबाई — भागाबाई. मला विचारलं कुणी? सरकारने मला लसी टोचायला पाठवलंय, जोडी जमवायला नाही.

भागाबाई साठीची आहे. विधवा, दोन्ही मुली सासरी. सगळे तिला भागाक्का म्हणतात. तिनेच भाकरी थापता थापता हकिकत सांगितली. मास्तरांनी गणित मांडलं होतं की इस्राएल देश होऊन चाळीस वर्षं झाली, तेव्हा येशू याच सप्टेंबरात परत येणार. सगळ्यांनी बकऱ्या विकल्या, पांढरे कपडे शिवले, तीन दिवस उपास धरला. कुणी आलं नाही. आजूबाजूच्या गावांनी अशी काही टर उडवली की बाजाराला जायची सोय राहिली नाही. दोंडाईच्याचे पाळकसाहेब आधीपासून सांगत होते की असा दिवस कुणालाच ठाऊक नसतो. त्यांच्याशी वस्तीने येणंजाणं तोडलं.

मग मास्तरांना उमगलं म्हणे की चूक तारखेत नव्हती. प्रभूने सांगूनच ठेवलंय, शेतात दोघे असतील, एक घेतला जाईल, एक ठेवला जाईल. सगळ्यांना एकदम न्यायचं असतं तर असं कशाला सांगितलं असतं? तो एकेकालाच नेणार, जोडीतून एक. म्हणून जोड्या.

मी म्हटलं, आणि नेलं का कुणाला? भागाक्काने भाकरी उलटली आणि चटणीत तेल हवं का ते विचारलं.

१६ नोव्हेंबर, बुधवार

भागाक्का मला आवडायला लागली आहे, हे लिहून ठेवते. काल माझं डोकं दुखत होतं तर तासभर तेल चोळत बसली. मला पोरी म्हणते. आईशिवाय असं कुणी म्हटलेलं नाही.

आज मात्र भलतंच झालं. पार्वताबाई आणि झुंबरबाई या जावा, त्यांची जोडी. सकाळी वेचणीला गेल्या. भर दुपारी झुंबरबाई एकटी परत आली. डोक्यावर दोघींचं कापसाचं गाठोडं आणि त्यावर पार्वताबाईचं लुगडं, इस्त्री केल्यासारखी घडी घातलेलं. वस्ती गोळा झाली, गाणं सुरू झालं. मी विचारलं, पार्वताबाई कुठे आहे? सगळ्यांनी एकाच सुरात सांगितलं की नेलं तिला. एकाच्याही डोळ्यांत पाणी नाही. झुंबरबाई तेवढी भिंतीकडे तोंड करून बसली होती.

सोमवारीच मी पार्वताबाईचं ब्लडप्रेशर पाहिलं होतं. दंडावर विंचू गोंदलेला आहे, पट्टा बांधताना तो दुमडतो म्हणून आम्ही दोघी हसलो होतो. एकशे सत्तर वर एकशे दहा. अशी बाई लुगडं सोडून जाईल कुठे?

२४ नोव्हेंबर, गुरुवार

आज देवचंदलाही नेलं म्हणे. सुपडूची आणि त्याची जोडी. सुपडू परत आला तो देवचंदचा सदरा, धोतर, चपला आणि चष्मा घेऊन.

मासिक बैठकीला प्राथमिक आरोग्य केंद्रात गेले होते, भागाक्का सोबत होतीच. ती बाहेर बसलेली पाहून डॉक्टरांना सांगितलं. ते हसले. म्हणाले, सिस्टर, ही माणसं दिवाळीनंतर गुजरातेत ऊसतोडीला जातात. चष्मा टाकून ऊस कोण तोडतं, असं विचारणार होते, पण शिपाई चहा घेऊन आला आणि विषय लसींच्या थर्मासवर गेला.

परतल्यावर साठा तपासला. विहिरीत टाकायच्या टीसीएल या जंतुनाशक पावडरीच्या तीन पिशव्या होत्या, आता एक आहे. मास्तरांना विचारलं. म्हणाले, जुन्या विहिरीत टाकली, आरोग्यासाठी. प्रार्थनामंदिरामागच्या त्या विहिरीला चार वर्षं पाणी नाही, हे मला भागाक्काने पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. कोरड्या विहिरीचं आरोग्य सांभाळणारी ही पहिलीच वस्ती!

३ डिसेंबर, शनिवार

पाहिलं.

सगळे वेचणीला गेलेले. भागाक्काला ताप आहे असं सांगून झोपवलं होतं, ताप नव्हताच, झोपेची गोळी मीच दिली. विहिरीवरचा पत्रा सरकवला. दहाच्या उन्हात तळापर्यंत दिसतं. चुना, माझी पावडर, पुन्हा चुना. त्यातून एक हात दंडापर्यंत वर आलेला. दंडावर विंचू.

पत्रा होता तसा ठेवला. हात धुतले तरी वास जात नाही.

म्हणजे जोडीतला एक दुसऱ्याला मारतो. झुंबरबाईने जावेला मारलं, सुपडूने देवचंदला. आणि माझी जोडी भागाक्काशी आहे.

आता कळलं, मी देव मानत नाही म्हटल्यावर यांना एवढा आनंद का झाला. परकी बाई, घरचे लांब. बळीच मिळाला.

५ डिसेंबर, सोमवार

सामान न घेता फाट्यावर गेले. नुसती पर्स. एस.टी. दिसत होती. तेवढ्यात त्याच चार बाया आल्या, दोघींनी हात धरला, दोघींनी ड्रायव्हरला जा म्हणून खूण केली. हसत हसत मला परत आणलं. सिस्टर, एकटं जाऊ नये, म्हणाल्या.

डॉक्टरांना चिठ्ठी लिहून पोस्टमन जीवरामच्या हातात दिली होती. दुपारी ती मास्तरांनी माझ्या टेबलावर आणून ठेवली. फोडली नव्हती. म्हणाले, जीवरामही आपल्याच मंडळीतला.

६ डिसेंबर, मंगळवार

आज महापरिनिर्वाण दिन. ट्रंकेतला बाबासाहेबांचा फोटो काढून मेणबत्ती लावली. माझे वडील, आबा, असते तर म्हणाले असते, घाबरू नको, डोकं वापर.

वापरते. सोमवारी, बारा तारखेला, लसीकरणाची जीप येणार. डॉक्टर स्वतः असतात, ड्रायव्हर असतो. ते मला नेतील. सहा दिवस काढायचे. भागाक्काच्या हातचं खायचं नाही, पाणी मी भरलेलंच प्यायचं. पोट बिघडलंय असं सांगितलंय. आजपासून फक्त बिस्किटं.

ती माझ्यासाठी साबुदाणा करून आणते. मी खिडकीतून टाकते. तिचा चेहरा पाहवत नाही, पण मरायचंही नाही.

९ डिसेंबर, शुक्रवार

भागाक्काने केस धुतले. आज शुक्रवारच, रविवारी धुते ती. पांढरं लुगडं काढून उन्हात घातलं.

रस्त्यात झुंबरबाई भेटली. माझा हात घट्ट धरला. काहीतरी सांगायचं होतं. एवढंच म्हणाली की मागे राहणं फार कठीण असतं, बाई. खुनी बाईला पश्चात्ताप झाला असेल. मी हात सोडवून घेतला.

फळ्यावर आमच्या जोडीखाली रेघ ओढली आहे —

१० डिसेंबर, शनिवार

रेघ कशाची ते विचारलं. मास्तर म्हणाले, उद्या दुपारी तुमचं जोडीचं भोजन. आमची रीत आहे. भाकरीचा तुकडा आणि मनुकांचा रस, प्रभूची आठवण म्हणून. नाही म्हणता येईल का, असं मी विचारलं. दारात चार बाया उभ्या होत्या.

उद्या. फक्त उद्या. परवा जीप.

११ डिसेंबर, रविवार, दुपारी बारा

भागाक्काच्या घरी आले आहे, ती स्वयंपाकघरात आहे. दोन पितळी पेले. मी दाराच्या फटीतून बघते आहे. कंबरेची पुरचुंडी सोडली — एका पेल्यात काहीतरी टाकलं — बोटाने ढवळलं. एकाच पेल्यात.

येते आहे —

सव्वाबारा

मी जिंकले.

ही माणसं प्रार्थना करताना डोळे मिटतात आणि भागाक्काची प्रार्थना लांबलचक. तिने पेले मांडले, एक तिच्यापुढे, एक माझ्यापुढे. डोळे मिटले. पोरीचं भलं कर, पोरीला सांभाळ, असं माझंच नाव घेत होती. माझ्याचसाठी प्रार्थना आणि माझ्याच पेल्यात विष! मी पेले बदलले. आवाज झाला नाही. तिने आमेन म्हटलं आणि एका दमात प्याली. मीही प्याले. मला वाईट वाटायला हवं. वाटतंय. पण मी जिवंत आहे.

रस फार कडू होता. मनुका जळल्या असतील.

साडेबारा

ती पलंगावर निजली आहे. पांढरं लुगडं. हसते आहे. मला जवळ बसवून सांगते आहे, मी लिहिते आहे तरी तिला चालतं.

म्हणते, भिऊ नको, कुणी कुणाला मारत नाही. ज्याची वेळ आली तो स्वतः पितो. जोडीदाराने फक्त जवळ बसायचं, डोळे मिटायचे, लुगड्याची घडी घालायची. मास्तर बाकीचं बघतात. पण आता मागे राहायला कुणीच तयार होत नाही. सगळ्यांनाच जायचंय. तिची वेळ कधीची आली होती, जोडी मिळत नव्हती. मग मी आले. देव न मानणारी. मला तर कुणी नेणारच नाही, मी नक्की मागे राहणार. म्हणून सगळे इतके खूश —

म्हणते, तुनाकरता एक बकरी ठेवेल शे, पोरी.

तिने तो पेला स्वतःपुढेच ठेवला होता.

माझे ओठ बधिर —

पाऊण

सांगितलं तिला. मी बदलला म्हणून.

ती उठून बसली. तिची नाडी ठणठणीत. माझी लागत नाही. मिठाचं पाणी प्याले, उलटी झाली नाही. दार बाहेरून लावलंय. ती दारावर धडका देते आहे, बाहेर गाणं चाललंय, कुणी ऐकत नाही —

ओरडते, मनी जागा तू लई लिधी, माझी जागा घेतलीस म्हणते. मनी जागा.

मग पुन्हा माझ्याजवळ —

डॉक्टर, उद्या तुम्ही — वही गादीखाली — विहीर बघा. पण भागाक्काला धरू नका. पेला मी — तिने काही — ती रडते, शिव्या देते, आणि माझे पाय मांडीवर घेऊन चोळते आहे, गरम होत नाहीत म्हणून आणखी जोरात —