मोकळ्या बोटांची बाही

अण्णा, आज मंगळवेढ्याच्या एका बाईनं व्हेंटिलेटरवर असताना भाकरी थापली. खोटं वाटतंय ना? घशात नळी, त्यामुळं तोंडातून शब्द फुटायची सोय नाही, छातीला वायरी चिकटवलेल्या, आणि सकाळी गुंगी उतरल्याबरोबर बाईनं दोन्ही हात पोटावर एकत्र आणले आणि टपाटप थापायला लागली. थापता थापता उशाशी उभ्या असलेल्या लेकाकडं बघून भुवया उडवल्या. लेक चांगला चाळिशीचा, मिशीवाला, पण तो आपला खुळ्यासारखा माझ्याच तोंडाकडं बघतोय. मी म्हटलं, "अहो, आई विचारतायत, जेवलास का." झालं! एवढा मोठा बाप्या, तिथंच ओक्साबोक्शी रडायला लागला. "व्हय आई, खाल्ली की, दोन खाल्ल्या," असं म्हणत दोन बोटं तिच्या डोळ्यांपुढं नाचवत राहिला. मी बाहेर व्हरांड्यात आले आणि मीही रडून घेतलं, लपवत नाही. मग वाटलं, हे पहिल्यांदा तुम्हाला सांगायला हवं. तुम्हाला जाऊन सोळा वर्षं झाली म्हणून काय झालं?

तुम्ही गेलात तेव्हा मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते. आता पुण्यात दवाखान्यातली यंत्रं बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत आहे, आणि माझं काम म्हणजे आयसीयूत पडलेल्या माणसाला त्या यंत्रांचा जाच कमी कसा होईल ते बघायचं. लोक विचारतात, हे कुठं शिकलात. मी कॉलेजचं नाव सांगून मोकळी होते. खरं म्हणजे शिकले ते सोलापुरात, अक्कलकोट रोडच्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये, तुमचा डबा घेऊन यायची तेव्हा. चोवीस यंत्रमाग एकदम चालू, टॉवेल निघतायत, आणि आवाज असा की स्वतःचा खोकला स्वतःला ऐकू येऊ नये. त्यात तुम्ही जॉबर, म्हणजे कुठला माग रुसला की त्याला वठणीवर आणणारे. मी दारात दिसले की तुम्ही पलीकडच्या टोकावरून पाची बोटं तोंडाशी नेऊन भुवया उडवायचात: जेवलीस का? मी मान हलवायची. दोन्ही तर्जन्या एकमेकींना टेकवून झटकन लांब केल्या की दोरा तुटला. मिशीवरनं बोट फिरवलं की मालक आले. हवेत बोट गोल फिरवलं की पाळी कुठली? अख्खी शेड हातांनी बोलायची, भांडायचीसुद्धा. घरी आल्यावरही तुमचे हात थांबायचे नाहीत, कारण कान केव्हाच गेले होते. आई वैतागायची, "देवानं तोंड दिलंय की तुमाला, ते काय नुसतं पान खायला?" त्यावर तुम्ही हसून तिला हातानंच सांगायचात, चहा टाक.

बोलणी मात्र मी तुमची एकदाच खाल्ली, आणि ती तोंडानं. बारावीच्या प्रोजेक्टला मी दोरा तुटला की वाजणारा भोंगा केला होता आणि लाडीगोडी लावून तुमच्या शेडमधल्या एका मागावर बसवला. दोरे काय, तुटतच असतात. दर थोड्या वेळानं भोंगा बोंबलायचा. तासाभरात तो माग चालवणारे काका डोकं धरून बसले, आणि आजूबाजूच्यांनी तर तिकडं बघायचंच सोडलं, वाजतोय तर वाजू दे. मी आपली ऐटीत उभी. तुम्ही आलात, वायर तोडलीत आणि मला दंडाला धरून बाहेर लिंबाखाली नेलंत. "कुणासाठी बोंबलतंय हे? ज्याला दोरा जोडायचाय त्याला कळलं की झालं. बाकीच्यांचं डोकं कशाला उठवतीस? आन् ज्याच्या मागावर बसवलंस त्याला इचारलंस का येकदा तरी?" मला एवढा राग आला होता म्हणून सांगू! पण सुट्टी झाल्यावर तुम्हीच भोंगा काढून तिथं बारकासा दिवा बसवलात, त्या काकांच्या नजरेसमोर येईल असा. आणि मी फुगून बसलेय असं बघून, मला गप्प करायला म्हणून, तुटलेला दोरा जोडायची गाठ शिकवलीत. एवढीशी, ओढाल तेवढी घट्ट बसणारी. माझी पहिली चांगली गाठ बघून तुम्ही नुसती मान डोलावलीत, आणि तुमच्या त्या मान डोलावण्यासाठी मी पुढं पुष्कळ कष्ट घेतले.

मग ते नऊ दिवस. न्यूमोनियानं तुमचा श्वास पुरेना म्हणून व्हेंटिलेटर लावला, आणि दुसऱ्याच दिवशी तुम्ही नळीला हात घातलात. म्हणून दोन्ही मनगटं बँडेजच्या पट्टीनं पलंगाच्या दोन बाजूंच्या कठड्यांना बांधली. सिस्टरचं चुकलं असं मी म्हणणार नाही. नळी निघाली तर माणूस हातचं जातं, आणि त्या एकटीकडं सहा पेशंट. मी भेटायच्या वेळी आत यायची तर चहूकडून यंत्रं वाजतायत, माझा भोंगा परवडला, आणि इतकी वाजतायत की कुणी वळूनही बघत नव्हतं. चौथ्या दिवशी बघते तर तुमची डावी तर्जनी उभी, उजवी तर्जनी उभी, दोन्ही एकमेकींकडं वाकतायत आणि पोचत काही नाहीत. डॉक्टर म्हणाले, भ्रम झालाय, अशा पेशंटला होतो. कसला भ्रम! मला लख्ख वाचता येत होतं. अण्णा म्हणतायत, दोरा तुटला. मी हातानं विचारलं, कुठं? तुम्ही डोळे गालाकडं वळवलेत. तिथं हात धरला तर नळीच्या जोडातून दर श्वासाला ओलसर वारं सुटत होतं. सिस्टरनी जोड घट्ट केला, यंत्र गप्प झालं, आणि त्या कपाळाला हात लावून म्हणाल्या, "आमच्या आदी जॉबरला कळलं की ओ!" कान गेलेले, हात बांधलेले, घशात नळी, आणि त्या अवस्थेत तुम्ही यंत्राचा बिघाड शोधून दिलात. तुमच्यासारखा कारागीर मी आजतागायत पाहिला नाही. मोठमोठ्या डिग्रीवाल्यांबरोबर काम केलंय, तरी म्हणते.

त्यानंतर मी बसलेली असेपर्यंत सिस्टर तुमचा उजवा हात सोडायच्या. तुम्ही पहिल्यांदा हवेत बोट गोल फिरवायचात. पाळी कुठली? तिथं खिडकी नव्हती, दिवे सदा चालू, सकाळ का संध्याकाळ कळणार कसं? मी एक बोट दाखवायची, पहिली पाळी, सकाळ. तेवढ्यानं तुमचा चेहरा निवळायचा. नवव्या दिवशी दुपारी तुम्ही पाची बोटं तोंडाशी नेलीत. मी खोटंच सांगितलं, जेवले. तुम्हाला पटलं नाही. तुम्ही हात झटकलात, जा, जेवून ये. मग सिस्टरनी तुमचा हात परत बांधला आणि मी कँटीनला गेले. परत आले तर पडदा ओढलेला होता. हृदयच थांबलं, म्हणाले.

हात बांधायच्या ऐवजी पेशंटला चढवायची माझी बाही त्यातनं आली. कापडाची आहे, आतून आपल्या सोलापुरी टॉवेलाचं अस्तर, आणि कोपराशी लवचिक पट्ट्या शिवलेल्या. कोपर पुरतं वाकत नाही, म्हणून हात तोंडापर्यंत जात नाही. पण पोटावर येतो, लेकराच्या डोक्यावर जातो, दुसऱ्या हाताला भेटतो. यंत्रांचा आवाज आता पेशंटच्या कानाशी नाही, सिस्टरच्या टेबलावर जातो. आणि पेशंटच्या समोर एक छोटी पाटी असते, तिच्यावर सकाळी सूर्य, रात्री चंद्र, आणि भेटायला कोण येणार त्याचा फोटो. तुम्ही म्हणाला होतात तसं पहिल्यांदा विचारलं मी, बरे होऊन घरी गेलेल्यांना गाठून. नातेपुत्याच्या एका मास्तरांनी सांगितलं, "हात बांधले तेव्हा वाटलं, आपण काय चोरी केली?" हे सगळं घेऊन मी सोलापूरलाच आले, दुसरीकडं जायचं मनातच आलं नाही. इथले डॉक्टर स्पष्ट बोलले, "एकानं जरी नळी उपसली, तर त्याच मिनिटाला हे गुंडाळून पुण्याला न्यायचं." ही मंगळवेढ्याची बाई पहिली पेशंट. काल तिनं झटक्यात हात वर नेला. डॉक्टर तिथंच उभे. माझा जीव नुसता टांगणीला. हात छातीपर्यंत गेला, थांबला, थोडा वेळ चाचपडला आणि खाली येऊन दुसऱ्या हातात विसावला. आज भाकरी बघून डॉक्टर एवढंच म्हणाले, शेजारच्या पलंगालाही आणा.

त्यानंतर जे झालं त्यासाठी खरं तर लिहायला बसलेय. तिचा लेक चहाला निघाला. जाताना खिशातून बँडेजची पट्टी काढून मला विचारतोय, "ताई, मी येईस्तवर येक हात बांधून जाऊ का? आदीच्या दवाखान्यात तसंच करत हुते." मी एवढ्यांदा ओरडले, "अजिबात बांधायचा नाही!" सगळा वॉर्ड बघायला लागला. बिचारा चहाला गेलाच नाही.

अण्णा, वर मी लिहिलंय की सिस्टरनी तुमचा हात परत बांधला. खोडत नाही, राहू दे तसंच, कारण सोळा वर्षं मी सगळ्यांना हेच सांगत आलेय, आईलासुद्धा. सिस्टर पलीकडच्या पलंगाशी होत्या. तिथूनच म्हणाल्या, "ताई, जाताना तेवढा हात बांधून जावा." मी बांधला. मला भूक लागली होती, कंटाळा आला होता, त्या आवाजातून बाहेर पडायचं होतं. हात मोकळा ठेवून दुसऱ्या कुणाला तिथं बसवता आलं असतं, आई बाहेर बाकावरच बसली होती. तुम्ही स्वतः मनगट पुढं केलंत. पट्टीची टोकं जोडायला मी तुमचीच गाठ मारली, आणि ती एवढी घट्ट बसली की नंतर सिस्टरना सुटेना, कात्रीनं कापावी लागली. मीटिंगमध्ये मी आवाज बारीक करून सांगते, माझ्या वडिलांचे शेवटी हात बांधलेले होते, आणि समोरची माणसं हळहळतात. कुणी बांधले, हे कुणी विचारत नाही, मी सांगत नाही.

आई आता हाक मारतीय, जेवायला. हे पत्र तुमच्या पान्यापकडींच्या डब्यात ठेवते, तो ती उघडत नाही. एकच राहिलं. मी गाठ मारली तेव्हा तुम्ही मान वळवून ती नीट बघितलीत आणि शेडमध्ये डोलवायचात तशी मान डोलावलीत. आणि अण्णा, त्या क्षणी मला आनंद झाला होता.