खड्डे भरायचं औषध

४ मार्च

आवो, पोचलो आमी कर्जतला. लोधिवलीतनं टेंपोत दोन गोणी भांडी, एक शेगडी आन् एक तुमची पोरगी, अशी वरात काढली. टेंपोवाल्याला म्हटलं, सांभाळून चालव रं, माझं दुसरं लगीन जमायचं हाय अजून. बिचारा चौक गाव येईपर्यंत लाजत होता. समीक्षा मास्कच्या आत दातओठ खात होती.

जागा लय छान हाय. कातडीच्या डॉक्टरीणबाईंचा दवाखाना, फुडं काचेचा दरवाजा, मागं आमाला खोली. झाडायचं, पुसायचं, चादरी बदलायच्या, चहा करायचा. आसावरी मॅडम पनवेलवरनं मंगळवारी आन् शुक्रवारी येतात. बाकी दिवस काउंटरवर हर्षला असते. कर्जतचीच पोरगी, तोंडाळ हाय, माझ्याशी पटलं लगेच. तिनंच ही डायरी दिली, औषधकंपनीवाला देऊन गेलेली.

सातवी पास बाई रोजनिशी लिहिते म्हणून हसू नका. मला तुमाशी बोलायची खोड. तुमी वर गेलात म्हणून काय सुटका झाली व्हय?

७ मार्च

मॅडमचं मशिन बघितलं आज. पोरी येतात, गालावर पुटकुळ्यांचे खड्डे पडलेल्या. सुई नाय, काय नाय. पिचकारीसारखं नळकांडं गालाला टेकवायचं, थप् आवाज होतो, हवेच्या जोरानं औषध कातडीत. मग खड्डा आतनं हळूहळू भरून येतो म्हणे. मी मॅडमना म्हटलं, आमच्या चौक रोडला मारा की एकदा. खळखळून हसल्या.

हसतायत बघून धीर केला आन् समूचं सांगितलं. दहावीला असताना तोंड पुटकुळ्यांनी भरलं, ते गेलं तर चाळणीसारखे गाल ठेवून गेलं. मग करोना आला, सगळ्यांनी मास्क लावले, हिला बरंच झालं. करोना गेला, हिचा मास्क नाय गेला. जेवताना भिंतीकडं तोंड करते, माझ्यासमोर सुद्धा. माथेरानच्या हाटेलात काउंटरचं काम मिळालं होतं, मास्क काढायला लागल म्हणून गेली नाय. बावीस वर्षाची पोर, तिचं तोंड तिच्या आयशीनं शेवटी कधी बघितलं ते मलाच आठवत नाय.

मॅडम म्हणाल्या, आण तिला मंगळवारी.

११ मार्च

झालं एकदाचं. समूला भीती वाटत होती म्हणून मी तिचा पाय धरून बसले. हर्षला म्हणाली, मावशी, बाळंतपण नाय चाललंय. मॅडमनी बजावून सांगितलं, म्हयन्यातनं एकदाच, जास्त नाय, कातडी तिचं तिचं काम करते. बाटलीत उरलेलं लाल पिशवीत टाकून द्यायचं.

२० मार्च

काय फरक नाय. समू रोज आरशात बघते आन् मास्क वर चढवते.

आता तुमी रागावाल. बाटलीच्या बुडाला थेंब दोन थेंब राहतातच. आपल्यात पानात टाकायला शिकवलंय का कोणी? मी ते थेंब वाटीत जमवते. साय, चिमूटभर हळद आन् ते औषध. रोज तिचे गाल चोळते. तिला सांगितलंय, हे तुझ्या आजीचं उटणं. तुमच्या आयनं जन्मात असं काय लावलं नसल.

२ एप्रिल

आवो, भरले. सगळे भरले. गाल कसे, सोललेल्या अंड्यासारखे.

हर्षलासंगट पळसदरीच्या धरणावर गेली होती, बिनामास्कची. फोटो काढलाय, पाण्याकडं पाठ करून दात काढतेय. तुमचेच दात, वरचा एक वाकडा. मी त्या दाताला लय नावं ठेवायचे, आज त्याच्यावरच नजर ठरली. आज माझ्यासमोर बसून जेवली. मी भाकरी करपवली बघत बघत.

औषध थांबवायला पायजे होतं. पण हनवटीखाली थोडं राहिलंय. ते झालं की बास.

९ एप्रिल

समूच्या कानाची भोकं बुजली. डूल घालायला गेली तर आत जाईना. नाकातली चमकी रात्री काढली होती, सकाळी तिथं पण भोक नाय. मी म्हटलं, बरं झालं, नवऱ्याला नथीचा खर्च नाय. ती हसली नाय.

माझी पण गंमत. रेशनला गेले तर मशिन अंगठा घेईना. चार वेळा पुसून लावला. दुकानदार म्हणाला, मावशी, भांडी कमी घासा. घरी येऊन उजेडात बघितला. रेषाच नाय अंगठ्यावर. कुठल्याच बोटावर नाय.

चोळायचं बंद केलं आजपासून. वाटी राखेनं घासून ठेवली.

१५ एप्रिल

एवढं ऊन हाय, लोकांचे शर्ट भिजतात. समूच्या तोंडावर घामाचा टिपूस नाय. अंग तापलेल्या तव्यासारखं. ओल्या फडक्यानं पुसत बसते मी.

आन् ती प्रत्येक गोष्ट दोनदा विचारते. काय गं आये, काय म्हणालीस. कानात बॅटरी मारून बघितलं. आत जायची वाट दिसतच नाय. गुळगुळीत कातडी, नुसती वाटी.

हे औषध खड्डा कुठला आन् वाट कुठली ते ओळखत नाय.

आज मंगळवार होता, मॅडम इथंच होत्या. मी चहा दिला आन् गप राहिले. सांगितलं तर काम जाईल, खोली जाईल. कोंबडी चोरल्यागत फिरत होते दिवसभर.

१८ एप्रिल

सांगितलं. सगळं, उटण्याचं पण.

मॅडम रागावल्या नायत, त्याचीच भीती वाटली. मग हातमोजे घालून कानापाशी ब्लेडनं बारीक वाट केली. रक्त जास्त आलं नाय. मॅडम हातमोजे काढत होत्या तेवढ्यात ती जागा परत मिटली. आमी तिघींनी बघितली मिटताना. हर्षला बाहेर जाऊन ओकली.

औषधवाल्याला फोन लावला, लागत नाय. बाकी पोरी बऱ्या हायत म्हणे, त्यांना एकदाच लावलंय. सोमवारी मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात भरती करायचं ठरलं, मॅडम स्वतः येणार. तोवर नाक मिटतंय का बघत रहा म्हणाल्या.

१९ एप्रिल

समूला आता काय ऐकू येत नाय. म्हणून तिला काय सांगायचं ते या डायरीत लिहून दाखवते. मागची पानं तुमच्याशी, फुडची तिच्याशी.

भूक लागली का.
घाबरू नको, मी हाय.
सोमवारी मुंबई.
आय चुकली तुझी.

हे शेवटचं वाचून तिनं माझ्या हातातनं पेन घेतलं आन् खाली लिहिलं, मास्क काढून फिरले की गं चार दिवस.

माझ्या बोटांमधल्या फटी कमी झाल्यात. चमचा धरताना कळलं.

२० एप्रिल, सकाळ

डावी नाकपुडी मिटली.

डोळ्यांच्या कडा पण. जेवढं उघडं हाय तेवढ्यातनं माझ्याकडं बघते. डोळा मिटू नको असं लिहून दाखवलं. पण पापणी पाडावीच लागते ना माणसाला. पाडली की थोडी थोडी—

मॅडमना फोन करून सांगितलं. त्या म्हणाल्या, सोमवार नको, आत्ताच. पनवेलवरनं गाडी पाठवतायत, स्वतः पण निघाल्या.

दुपार

डोळे गेले. उजवी नाकपुडी पण.

तिच्या तळहातावर पेनानं लिहिते मी. मोठी अक्षरं. आय. हाय. गाडी. येते. ती मूठ वळून धरून ठेवते प्रत्येक अक्षर.

लिहिता लिहिता बघितलं तर पेन निघत नाय हातातनं. बोटं एकमेकांना चिकटली, पेन आत धरून. डावा हात नुसता थापीसारखा झालाय. दाराची कडी दातानं काढली. गल्लीत कोण नाय, रविवार. हाका मारल्या. समोरच्यांचं कुलूप हाय.

फोन बोट ओळखत नाय. नाकानं दाबून हर्षलाला लावला. रडत होती. म्हणाली, मावशी, गाडी चौक गावात अडकलीय, टँकर आडवा झालाय. मी धावत निघालेय. गुंडग्यातनं, गावाच्या पार दुसऱ्या टोकाकडनं येते ती, वेळ लागल.

चौक. मला त्या रोडची चेष्टा सुचत होती.

थोड्या वेळानं

ओठ कडांकडनं मिटतायत. मधी तांदळाएवढं भोक राहिलंय. त्यातनं शीळ घातल्यासारखा श्वास येतो. मी त्यावर बोट घालून ताणून धरायला गेले, पण माझं बोटच नाय, नुसता गोळा, आन् माझ्या हाताला लागून अजून मिटतंय. हात लावायचा नाय. माझाच हात लावायचा नाय.

मॅडमच्या ड्रॉवरमधलं ब्लेड तोंडात धरून आणलं. मुठीत बसत नाय. पडलं. दातात धरलं, मान थरथरते, तिच्या गालावर ओरखडा उठला आन् मिटला.

गाडीचा आवाज नाय.

आवो, तुमी काय तरी करा तिथनं. उभ्या जन्मात काय मागितलं नाय, टोमणेच मारले—

आत्ता

भोक मोहरीएवढं. शीळ बंद. छाती वर येते आन् तिथंच राहते.

समू उठून बसली. चाचपडत माझा उजवा हात शोधला. पेनाचं टोक अंगठ्यानं बघितलं तिनं. मग माझं मनगट दोन्ही हातांनी धरलं आन् ओढतेय, तिच्या तोंडाकडं. तिला कळलंय. लिहू देत नाय मला.

भोक परत मिटल. परत पाडीन. गाडी येईस्तोवर पाडत राहीन.

आवो, धरा माझा हात. लिहायचं बंद करते, हे टोक तिच्या—