लेकीच्या दातातले ढग

चाचा, लेकीचा दात बसला. वरचा, अगदी समोरचा. बसला त्या दिवसापासून मला नीट जेवण जातंय आणि पडल्या पडल्या झोप लागतेय. तुम्ही गेलात तेव्हा ती रांगत होती. तुमच्या दातांच्या लॅबच्या फरशीवर सांडलेले प्लॅस्टरचे तुकडे तोंडात घालायची आणि तुम्ही हातातला ब्रश खाली ठेवून ओरडायचात, "अरे उचला तिला, सगळा माल खाऊन राहिली ती!" ती आता कॉलेजला जाते, माझ्यापेक्षा वीतभर उंच झालीय आणि माझं एक ऐकत नाही. आम्ही लातूरला स्वतःची लॅब काढली हेही तुम्ही पाहिलं नाहीत. पाहिलं असतं तर पहिल्यांदा खिडकी कुठल्या दिशेला आहे ते विचारलं असतं. उत्तरेला आहे, चाचा.

दिवाळीनंतर कॉलेजच्या रस्त्यावर तिची स्कूटी घसरली. हातापायाला खरचटण्यावर निभावलं, असं आम्ही म्हणत होतो, तेवढ्यात तिनं तोंडावरचा रुमाल काढला. दात मुळापासून तुटला होता. काढावाच लागला. मग हाडात स्क्रू बसवला आणि हाड त्याला धरेपर्यंत प्लॅस्टिकचा काढता-घालता दात दिला. खडूसारखा पांढराफटक, बघवत नव्हता. ही पोरगी हसायला लागली की शेजारची माणसं दारात येऊन बघायची, इतकी मोठ्यानं हसणारी. ती तोंडावर हात ठेवून बोलायला लागली. ताट घेऊन आतल्या खोलीत जाऊन जेवायला लागली. मैत्रिणी आल्या की डोकं दुखतंय म्हणून पडून राहायची. हे बघताना मला काय होत होतं ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. तुमच्याकडे मी पहिल्यांदा आले ती ओढणी तोंडावर धरूनच.

इथली डॉक्टरीण भली आहे. ती म्हणाली, "ताई, हा दात बाहेरून मशीनवर करून मागवू का? स्वतःच्या मुलीचं काम अवघड जातं." मी फणकारले. माझ्या लेकीचा दात दुसरं कोण करणार? बोलून तर बसले, पण मनात धाकधूक होती. समोरचा एकटा दात म्हणजे आपल्या धंद्यातली परीक्षाच. सगळी बत्तिशी करायची असली तर कुणी शेजारी बघायला नसतो. इथं खरा दात खेटून उभा असतो आणि चुगली करतो.

तेव्हा पहिल्यांदा तुमची नांदेडची लॅब आठवली. दवाखान्याच्या मागची लांबट खोली, एका टोकाला भट्टी, दुसऱ्या टोकाला खिडकी. मी किनवटकडून बारावी होऊन आलेली, पार्सलं बांधायला ठेवलेली. तुम्ही खिडकीशी बसून ओल्या पावडरीचा एकेक थर ब्रशानं चढवताय आणि मी मागं उभी राहून बघतेय. आतला थर दाट, खालचा धातू झाकणारा. त्यावर हाडाच्या रंगाचा. आणि सगळ्यात वर, कडेला, तो थर, जो ओला असताना दुधासारखा दिसतो आणि भट्टीतून निघाला की ताकावरच्या निवळीसारखा. पार्सलं तशीच पडायची. शेवटी कंटाळून तुम्ही माझ्या हातात ब्रश दिलात.

माझा पहिला दात तुम्ही चिमट्यात धरून खिडकीपाशी नेला. उजेडात फिरवून फिरवून बघितलात. मग म्हणालात, "बेटी, ह्यो दात हाय का भिताडाला मारलेला चुना? रंग बराबर हाय, घाट बराबर हाय. पर मेलाय त्यो." मी रडायच्या बेतात आले. तुम्हाला त्याचं काही नव्हतं. "उजेड मुरू दे की त्येच्यात. चुना उजेडाला दारातूनच हाकलतो. दात तसं न्हाई करत. जरा आत बोलावतो, बसवतो, मग जा म्हनतो." दुसऱ्या दिवशी सकाळी कोवळ्या उन्हात मला गुरुद्वाऱ्याकडे घेऊन गेलात आणि संगमरवर दाखवलात, आणि रस्त्यापलीकडच्या दुकानाची चुना मारलेली भिंत. दोन्ही पांढरीच. पण भिंतीवर ऊन नुसतं पडलेलं होतं आणि दगडात ते थोडं खाली उतरलं होतं. कोरलेल्या पाकळीची कड जिथं पातळ होती, तिथं तर ऊन दगडाच्या आतूनच बाहेर येतंय असं वाटत होतं. पुस्तकात याला अर्धपारदर्शक म्हणतात हे मला नंतर कळलं. शब्द मात्र पार ठोकळा आहे, त्यातून काही म्हणजे काही दिसत नाही. मी अजून मुरलेला उजेड असंच म्हणते.

तेव्हा जो नाद लागला तो लागलाच. गावी गेले की उन्हाकडे तोंड करून उभ्या राहिलेल्या शेळीचे कान बघत बसायची. गुलाबी कान आणि त्यातल्या लाल शिरा. सोललेली लसणाची पाकळी, बी दिसणारं द्राक्ष, बल्बसमोर धरलेलं स्वतःचं बोट. आईनं खाटेवर वाळत घातलेल्या कुरडया मी एकेक उचलून सूर्यासमोर धरायची आणि आई ओरडायची. सगळं दाखवणारी काच मला कधी आवडली नाही, काहीच न दाखवणारी भिंतही नाही. मधलं जे असतं, ज्यात काहीतरी आहे एवढं कळतं आणि काय आहे ते नीट कळत नाही, त्याच्यावर डोळा ठरतो. कदाचित आपलं अंगच तसं घडलंय म्हणून असेल. नखं, कानाच्या पाळ्या, पापण्या, दात. तुम्ही तर बक्षीस म्हणून मला काढलेल्या खऱ्या दातांची डबी दिली होतीत, उजेडात धरून अभ्यास कर म्हणून. ती मी मोठ्या कौतुकानं घरी नेली. आईनं झाकण उघडलं आणि किंचाळली, "अगं ए बाई, मान्साचे दात घरात आनलीस? मेलेल्याचे हायेत का जित्याचे?" मला काय माहीत, म्हटलं. डबी गोठ्यात गेली आणि मी सुट्टीभर शेळ्यांमध्ये बसून अभ्यास केला.

तर लेकीचा दात. त्या स्क्रूवर बसवायची पहिली कॅप मी अशी केली की तुम्ही पाठीवर थाप मारली असती. कड निवळ, जराशी निळसर, आत उजेड मुरलेला. डॉक्टरिणीनं ती नुसती लावून बघितली आणि तिच्या तोंडून "वा" निघालं. मी लेकीच्या चेहऱ्याकडे बघत होते. तिनं आरशात डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं, ओठ वर करून बघितलं. मग म्हणाली, "आई, लई भारी झालाय. पर हा माझा न्हाई."

"तुझा नाही म्हणजे?"

"दुसऱ्या कुनाचा तरी हाय. बघ की, माझ्या दातात ढग हायेत. ह्याच्यात कुठं हायेत?"

आमच्या गावचं बोअरचं पाणी तुम्हाला माहीत आहे. ते पिऊन लहानपणीच दातांवर पांढरी अभ्रं धरतात आणि वय वाढलं की ती तपकिरी होतात. हॉस्टेलात मुली मला चुनखडी म्हणायच्या. जयंतीच्या मिरवणुकीतल्या प्रत्येक फोटोत मी ओठ घट्ट मिटून उभी आहे, जणू रागावलीय. आम्ही लातूरला बस्तान बसवत होतो तेव्हा लेक चौथीपर्यंत माझ्या आईजवळ राहिली आणि तेच पाणी प्यायली. तिच्या दातांतही अभ्रं आली, माझ्याहून पुष्कळ फिकी. ती मला दिसायची आणि मी बघायची नाही. शेजारच्या दाताचा रंग मी जुळवला, घाट जुळवला, कड जुळवली आणि ढग तेवढे सोडून दिले. मुद्दाम सोडले असंही नाही, हात तिकडे गेलाच नाही. मला स्वतःला जो दात हवा होता, तो मी तिला करून दिला.

डॉक्टरीण म्हणाली, वाटलं तर शेजारच्या दातांवरचं पांढरं कमी करता येईल, आजकाल अवघड नाही. मी हो म्हणायला तोंड उघडलं. लेक माझ्या आधी बोलली, "कशाला? आजीचे तसेच, आईचे तसेच. मी एकटीच कशाला निराळी?" ती अगदी सहज बोलली, एखाद्या ड्रेसबद्दल बोलावं तशी. मी पर्समध्ये उगाच काहीतरी शोधत राहिले.

घरी येताना तुमचं एक बोलणं आठवलं. मी तुमच्याकडे नवी होते. तुम्ही म्हणालात, ओढणी खाली घे, आणि मला खिडकीशी बसवून माझ्या दातांकडे बघत राहिलात. "हे पांढरं वरून चोपडलेलं न्हाई, बेटी. आतून आलंय. मला कर म्हनलं तर घाम निघंल." मला वाटलं, गरिबाच्या पोरीची समजूत काढताय. इतकी वर्षं मी तसंच धरून चालले होते. तुम्ही समजूत काढतच नव्हता, चाचा. तुम्ही कामाचं बोलत होता.

मग मी लेकीला आमच्या खिडकीशी बसवलं. ओठ उघडे ठेवायला लावले, अधूनमधून दात ओले करायला लावले, कारण वाळलेला दात खोटं बोलतो, हे तुम्हीच शिकवलेलं. आणि तिच्या दातांकडे मी पहिल्यांदा मन लावून बघितलं. काय सांगू. आडव्या पातळ पांढऱ्या रेघा, दोन ठिकाणी विरलेल्या, एका कोपऱ्यात कापूस पिंजल्यासारखा पुंजका, आणि त्यांच्या मधून खालचा उबदार रंग. डाग म्हणून ज्याच्याकडे मी आयुष्यभर पाठ फिरवली, ते इतकं नाजूक काम होतं. मला लाज वाटली आणि हसूही आलं. लेक वैतागली होती. "आई, झालं का? जीभ वाळून राहिली माझी." बस गं जरा, म्हटलं, तुझ्या बापानं सुद्धा तुला इतकं निरखून बघितलं नसेल.

ते ढग मला लवकर जमले नाहीत. वरून रंगवले तर डागच दिसायचे. निवळ थराच्या खाली ठेवले तर भट्टीत विरून जायचे, किंवा फुगून खडूसारखे व्हायचे. सकाळच्या उजेडात करायचे, भट्टीतून काढायचे, खिडकीत धरायचे, नाही म्हणून बाजूला ठेवायचे. नवरा म्हणाला, आता पुरे कर, पोरीला कॉलेज आहे. शेवटी एक दात असा निघाला की तो ओला करून धरला तेव्हा मला गावाकडचं तोंड दिसलं. माझ्या आईचं, माझं, हिचं, कुणाचं ते सांगता येईना.

डॉक्टरिणीनं तो बसवला. लेकीनं आरसा घेतला, बघितलं आणि म्हणाली, "हां." बस, एवढंच. बाहेर पडलो तर चौकातल्या गाड्यावर तिनं पेरू घेतला आणि त्याच दातानं चावायला निघाली. मी भर रस्त्यात किंचाळले, "अगं, आजच्या दिवस तरी मऊ खा!" माझ्या किंचाळण्यावर गाड्यावाला दचकला, त्याच्या हातातला पेरू गटारात गेला आणि ती हसली. दोन्ही हात खाली, मान मागं टाकून, पूर्वीसारखी. लोक वळून बघायला लागले. मी तिथंच रडले, चाचा. इतके महिने छातीवर बसलेलं काहीतरी उठून गेलं.

हे पत्र तुमच्या थोरल्याला नेऊन द्यावं असं एकदा मनात आलं. तो अजून नांदेडलाच आहे. पण तो वाचेल, हसेल आणि चहा पाजून परत पाठवेल. राहू दे इथंच माझ्या टेबलात, पावडरीच्या बाटल्यांजवळ.

एक मात्र तुम्हाला सांगून टाकते. काल दुपारी ती माझ्यासमोर बसून भाकरी खात होती, तोंडात घास आणि बडबड चालूच. माझी नजर सारखी त्या दातावर. बघता बघता खोट सापडली. कोपऱ्यातला ढग जरा जड झाला होता आणि कड हवी तितकी निवळ नव्हती. म्हटलं, हा दात आपण काढून पुन्हा करू, मला पसंत नाही. "कोंचा?" तिनं विचारलं. मी बोट टेकवलं. ती खाटेवर लोळून हसायला लागली. "आई, तो असली हाय! शेजारचा तू केलेला!" मी म्हणाले, माहीत होतं मला, गंमत केली तुझी. गंमत नव्हती, चाचा.