नटावरची लाल रेघ

आई, तुम्हा दोघांना नमस्कार.

आम्ही मजेत आहोत. चाकावरचं घर तुझ्या सुनेला आवडलंय, फक्त वळणावर भांडी फळीवरून उड्या मारतात.

मागच्या चाकावरच्या पाट्याचा, म्हणजे स्प्रिंगचा, एक नट ढिला होतो, एवढंच. बाबा करायचे तसं करून पाहिलं. नट आवळला आणि त्यावरून बोल्टपर्यंत सुनेच्या नेलपॉलिशची रेघ ओढली. सकाळची सरळ रेघ संध्याकाळी तुटलेली असते, म्हणजे नट फिरलेला. रोज आवळतो, रोज तुटते. मेकॅनिक म्हणाला, "आवळा आणि देवाचं नाव घ्या." मी तर हात टेकले. पुढे सगळा घाट आहे.

बाबांना विचारशील? अजून आवळायचा असेल तर मूठ दाखवा म्हणावं, बोल्टच बदलायचा असेल तर पंजा. बोलता येत नसलं तरी एवढं जमेल त्यांना.

त्यांची उजवी मूठ वळते का गं आता?

तुझा धाकटा