बापाचं खरं नाव

गुदैबिया, बहरीन, १९७३

मुख्तारभाई, तुला सलाम.

माझ्या नि भिकाजीच्या रजिस्टर लग्नाला साक्षीदार तूच होतास, म्हणून तुलाच सांगते. इथे खोली मिळावी म्हणून आम्ही घरमालकाला त्याचं नाव बशीर सांगितलंय.

काल अंगणात घरमालक नि त्यांचा मुलगा जासिम नव्या राज्यघटनेवरून भांडत होते. जासिम म्हणाला, "धर्म ज्याच्या त्याच्या घरात राहू दे, घटनेत कशाला?" मी दाराआड होते. वाटलं, जाऊन त्या पोराची दृष्ट काढावी. म्हातारा तापला, तिथेच बसलेल्या भिकाजीला म्हणाला, "बशीर, तूच सांग याला!"

भिकाजी म्हणाला, "राज्याला धर्म हवाच."

जासिम उठून गेला. म्हातारा इतका खूश झाला, की बाळ जन्मताच त्याच्या कानात पहिली अजान मीच देणार म्हणाला. भिकाजी "इंशाल्ला" म्हणाला.

भाई, माझे दिवस भरत आलेत. बाळाच्या कानात सगळ्यांआधी त्याच्या बापाचं खरं नाव सांगायचं, एवढंच मी भिकाजीकडे मागितलं होतं. रात्री मी हळूच हाक मारली, "भिकाजी."

त्याने ओ दिली नाही. उठून आधी खिडकी लावली.

हे पत्र आता स्टोव्हवर जाळणारी,
तुझी मसूदा